ग्रामीण सेवेचे प्रोत्साहन गुण: पीजी प्रवेशाची फाईल कशी बांधायची

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की आठवडाभर माझा फोन वाजत राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांवर काम करणारे वैद्यकीय अधिकारी विचारतात, ‘सर, माझी ग्रामीण सेवेची तीन वर्षं झाली, ३० टक्के प्रोत्साहन गुण मिळतील ना?’ मी विचारतो, सेवा प्रमाणपत्र हातात आहे का? पलीकडे शांतता. गुण कमी म्हणून मागे पडलेले थोडे. फाईल अर्धी, तारखा जुळत नाहीत, मुदत उलटली, म्हणून मागे पडलेले मी जास्त पाहिलेत. मीही एकदा त्यातून गेलोय, ते पुढे येईलच.

हा लेख महाराष्ट्रात सरकारी सेवेत असलेल्या एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने करा. चौथा टप्पा आधी करून पहिल्यावर परत येणाऱ्यांचाच गोंधळ होतो.

१. आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

बोलताना आपण सगळ्यालाच ‘इनसर्व्हिसचा फायदा’ म्हणतो. कागदावर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोत्साहन गुण: २००० सालच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीतून आलेलं हे सूत्र आहे. दुर्गम, अवघड किंवा ग्रामीण भागातल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी, नीटमध्ये मिळालेल्या गुणांच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि सगळं मिळून ३० टक्क्यांपर्यंत. ‘ग्रामीण’ हा शब्द २०१८ च्या दुरुस्तीने आला. यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा आहे. किती द्यायचं, कोणत्या भागासाठी द्यायचं, हे राज्य ठरवतं.

सेवांतर्गत कोटा: ही राखीव जागांची गोष्ट आहे. राज्यांना असा कोटा ठेवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३१ ऑगस्ट २०२० ला तामिळनाडूच्या प्रकरणात स्पष्ट केलं. महाराष्ट्राने २६ सप्टेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने २० टक्के कोटा आणला. प्रवेशप्रक्रिया सुरू असताना मध्येच आणल्यामुळे तो त्या वर्षी लागू होऊ शकला नाही.

बंधपत्र: सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर करावी लागणारी एक वर्षाची सेवा. हे तुमचं देणं आहे, बक्षीस नाही. बंधपत्रित सेवेचे दिवस प्रोत्साहन गुणांसाठी धरले जातील असं गृहीत धरून चालू नका. राज्याच्या प्रवेश माहितीपुस्तिकेतल्या ‘सेवांतर्गत उमेदवार’ या व्याख्येत ‘नियमित’ हा शब्द आहे का, ते शब्दशः वाचा.

राज्यातले प्रवेश हाताळणाऱ्या राज्य सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका निघाली की तिच्यात चार प्रश्नांची उत्तरं पेन्सिलने खूण करून ठेवा. गुण कोणाला? कोटा कोणाला? कोट्यातली गुणवत्ता यादी मूळ गुणांवर लागते की वाढीव गुणांवर? सेवा कोणत्या तारखेपर्यंत मोजायची? गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबणं ही सगळ्यात जुनी चूक आहे, आणि ती दरवर्षी नव्याने होते.

२. तुमचं गाव यादीत आहे का, ते कागदावर पाहा

इथे हुशार माणसंही फसतात. दुर्गम, अवघड आणि ग्रामीण भाग राज्याने अधिसूचित केलेला असावा लागतो, तोही या कामासाठी. आपल्याकडे याद्या भरपूर आहेत: पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याचं) क्षेत्र वेगळं, आदिवासी उपयोजना क्षेत्र वेगळं, नक्षलग्रस्त भागाची यादी वेगळी, बदल्यांसाठीची अवघड क्षेत्राची यादी आणखी वेगळी. तुम्हाला नक्षलग्रस्त भागाचा भत्ता मिळतो, याचा अर्थ प्रोत्साहन गुण मिळतीलच असा नाही.

दुसरा सापळा ग्रामीण रुग्णालयाचा. पाटीवर ‘ग्रामीण रुग्णालय’ लिहिलेलं असतं, पण ही रुग्णालयं बहुतेक तालुक्याच्या गावी असतात आणि गेल्या दहा-बारा वर्षांत अशा अनेक गावांच्या नगरपंचायती झाल्या. मोखाडा, धारणी, धडगाव ही उदाहरणं डोळ्यासमोर आणा. ही गावं दुर्गम आहेत हे तिथे पावसाळा काढलेल्याला सांगायला नको. पण ‘ग्रामीण’ या शब्दावर दावा करायचा असेल तर हद्द नगरपंचायतीची की ग्रामपंचायतीची हा प्रश्न येणार, आणि ‘दुर्गम’ म्हणून दावा करायचा असेल तर यादीतलं नाव दाखवावं लागणार. दावा कोणत्या शब्दावर करताय ते आधी ठरवा.

तपासा: अधिसूचनेतलं गावाचं आणि तालुक्याचं नाव, नियुक्ती आदेशातलं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव तिन्हीकडे सारखं आहे का? बुद्रुक आणि खुर्दच्या घोळाला हसू नका. आदेशात बुद्रुक आणि प्रमाणपत्रात नुसतंच गावाचं नाव असेल, तर प्रवेशाच्या कागदपत्र तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला तुमचं गाव माहीत नसतं.

३. तारखांचा तक्ता करा

एक कोरा कागद घ्या आणि पाच रकाने आखा: संस्था, रुजू झाल्याची तारीख, कार्यमुक्त झाल्याची तारीख, एकूण दिवस, पुरावा. प्रत्येक नेमणुकीला एक ओळ. पुरावा म्हणजे रुजू अहवाल आणि कार्यमुक्ती आदेश. बदलीचा आदेश हा पुरावा नव्हे. त्याची तारीख आणि प्रत्यक्ष कार्यमुक्त झाल्याची तारीख यात कधीकधी दोन-दोन महिन्यांचं अंतर असतं.

आता या तक्त्यातून चार गोष्टी बाजूला काढा.

पहिली, प्रतिनियुक्ती. मूळ नेमणूक डोंगरातल्या केंद्रावर आणि काम मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, हे आपल्या खात्यात नवीन नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या कामासाठी कितीतरी जणांना असं हलवलं गेलं. पगार मूळ जागेवरून निघाला म्हणून सेवा तिथली ठरते असं मानू नका. हजेरीपत्रक दुसरीकडचं असतं. याच्या उलटही होतं. नेमणूक शहराजवळची, पण वर्षभर दुर्गम केंद्राचा कार्यभार तुमच्याकडे. तेव्हा तोंडी सांगण्यावर राहू नका. लेखी आदेश आणि तिथला रुजू अहवाल दोन्ही हवेत.

दुसरी, रजा. अर्जित रजा, वैद्यकीय रजा, प्रसूती रजा, असाधारण रजा आणि विनापरवाना गैरहजेरी यांना एका मापाने मोजत नाहीत. मंजूर न झालेली रजा सेवापुस्तकात लोंबकळत असेल तर आधी ती मंजूर करून नोंद घ्या. परीक्षेच्या अभ्यासासाठी गायब झालेले दोन महिने इथे वर येतात, हे मी कुणाला नावानिशी सांगत नाही.

तिसरी, खंड. कंत्राटी नेमणूक ११ महिन्यांची असते, मग एखाद्या दिवसाचा तांत्रिक खंड आणि पुन्हा नवा आदेश. तुमच्या डोक्यात ती सलग तीन वर्षं असतात, कागदावर ते ११ महिन्यांचे तीन तुकडे. कंत्राटी सेवा मुळात धरतात का, हा आधीचा प्रश्न. धरत असतील तर खंडाचं काय, हा नंतरचा. दोन्हींची उत्तरं पुस्तिकेतून शोधा आणि सापडलं नाही तर सीईटी कक्षाला लेखी विचारा.

चौथी, प्रशिक्षण. भूल किंवा प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी काही महिने मोठ्या रुग्णालयात घालवले असतील, तर ते दिवस वेगळ्या ओळीत दाखवा. लपवू नका. तपासणीत ते सापडले तर बाकीच्या तारखांवरही संशय घेतला जातो.

सावध: सूत्र ‘प्रत्येक वर्षासाठी’ आहे. समजा तुम्ही १२ जून २०२१ ला रुजू झालात आणि सर्वसाधारण बदल्यांत ३१ मे २०२३ ला कार्यमुक्त झालात. दोन वर्षांना ११ दिवस कमी. योजना आखताना हे एकच वर्ष धरा. बदली होणारच असेल तर कार्यमुक्तीची तारीख ११ दिवस पुढे नेता येते का, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना वेळेत विचारायला काहीच हरकत नाही. ४२० गुणांवर त्या ११ दिवसांची किंमत ४२ गुण आहे.

४. गुणांचा हिशेब

नीट पीजीमध्ये २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकलेल्याला उणे १. तुम्हाला ४२० मिळाले आणि दोन वर्षं मान्य झाली, तर ४२० च्या २० टक्के म्हणजे ८४. एकूण ५०४.

लोक इथे दोन चुका करतात. कुणी ८०० च्या १० टक्के धरून दर वर्षाला ८० गुण मोजतो आणि ५८० चं स्वप्न पाहतो. कुणी चक्रवाढ लावतो: ४२० चे ४६२, मग त्यावर १० टक्के म्हणजे ५०८.२. टक्केवारी मिळालेल्या मूळ गुणांवरच लागते.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. तीन वर्षं पूर्ण झालेल्या माणसाचा प्रत्येक बरोबर प्रश्न ४ गुणांचा राहत नाही, ५.२ चा होतो. म्हणून ‘३० टक्के आहेतच, अभ्यास थोडा कमी चालेल’ हा विचार उलटा आहे. ३५० वाल्याला १०५ मिळतात, ४६५ वाल्याला १३९.५ आणि तो ६०४.५ वर पोचतो, म्हणजे सेवा न केलेल्या ६०० वाल्याच्या पुढे.

आणखी एक. हे गुण पात्र होण्यासाठी नाहीत, गुणवत्ता यादीतली जागा ठरवण्यासाठी आहेत. पात्रता मूळ निकालावर ठरते: नियमाप्रमाणे खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल (म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे), अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाला ४०, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना ४५. काही वर्षी ही रेषा खाली येते. २०२३ मध्ये तर ती शून्य पर्सेंटाइलपर्यंत उतरवली. पण रेषेच्या खाली राहिलात तर सेवा प्रमाणपत्र तुम्हाला वर ओढत नाही.

तपासा: परीक्षा एका पाळीत होती की जास्त? २०२४ मध्ये दोन पाळ्या होत्या आणि निकाल सामान्यीकरण करून, म्हणजे पाळ्यांमधला फरक समान करून, पर्सेंटाइलमध्ये आला; २०२५ मध्ये ३ ऑगस्टला एकाच पाळीत परीक्षा झाली. पाळ्या अनेक असतील तर टक्केवारी नेमकी कोणत्या आकड्यावर लावली जाणार ते राज्याच्या सूचनेत वाचल्याशिवाय स्वतःचा अंदाज घरच्यांना सांगू नका.

५. सेवा प्रमाणपत्र: कुणाकडून, केव्हा, कसं

सगळ्यात जास्त दिवस इथे जातात, म्हणून नीटच्या तारखेच्या किमान तीन महिने आधी सुरुवात करा. निकालानंतर सुरुवात केली तर तुमच्यासारखेच पन्नास जण त्याच टेबलासमोर उभे असतात.

तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रावर असाल तर वाट तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषदेतले जिल्हा आरोग्य अधिकारी अशी जाते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असाल तर वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्य चिकित्सक. तिथून पुढे उपसंचालक, आरोग्य सेवा यांचं मंडळ आणि मग वरचं कार्यालय. सेवेची काही वर्षं केंद्रावर आणि काही ग्रामीण रुग्णालयात झाली असतील, किंवा दोन जिल्ह्यांत विभागली असतील, तर प्रत्येक कार्यालयाकडून त्या-त्या काळाचं प्रमाणपत्र लागतं. आत्ताचा अधिकारी आधीच्या जिल्ह्यातल्या सेवेवर सही करायला कचरतो, आणि त्याचं चूकही नाही.

माझी गोष्ट इथली. पहिल्या प्रयत्नात माझ्या प्रमाणपत्रावर रुजू तारीख ९ होती आणि सेवापुस्तकात १९. टंकलेखनात एक अंक गळाला होता. मी कागद घेतला, शिक्का बघितला, आनंदाने घरी गेलो. चूक लक्षात आली ती तपासणीच्या दिवशी, तेव्हा माझं कार्यालय तिथून २०० किलोमीटरवर होतं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. ते वर्ष गेलं.

म्हणून टेबलावरून उठण्याआधी हे पाहा:

तारखा आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही आहेत का. संस्थेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा पूर्ण आहे का. ‘दुर्गम’, ‘अवघड’, ‘ग्रामीण’ यातला तुमचा शब्द आणि अधिसूचनेचा उल्लेख आहे का. नमुना त्या वर्षीच्या पुस्तिकेतलाच आहे का. कार्यालयाच्या संगणकात जुना नमुना पडून असतो आणि तोच छापला जातो. जावक क्रमांक, दिनांक, गोल शिक्का आणि सहीखाली नाव-पदनाम आहे का. ‘करिता’ म्हणून दुसऱ्याने सही केली असेल तर ती चालते का, हे आधी विचारा.

आस्थापना शाखेतल्या भाऊसाहेबांना रिकाम्या हाताने भेटू नका. पेढ्यांबद्दल बोलत नाहीये. तिसऱ्या टप्प्यातला तक्ता, त्याला जोडलेल्या आदेशांच्या प्रती आणि पुस्तिकेतला नमुना, एवढं घेऊन गेलात की त्यांचं दोन दिवसांचं शोधकाम अर्ध्या तासावर येतं. अर्ज आवक शाखेत देऊन पोच घ्या. तोंडी ‘सोमवारी या’ला तारीख नसते, पोचेला असते.

सोबत हेही मागून ठेवा: ना हरकत प्रमाणपत्र, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, आणि सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती.

६. नोकरी सोडू नका

हा टप्पा छोटा आहे, पण न वाचल्याने झालेलं नुकसान मोठं. तीन वर्षं दुर्गम भागात काढून, अभ्यासासाठी राजीनामा देऊन पुण्यात खोली घेणारे दरवर्षी भेटतात. सूत्रातले शब्द ‘सेवेत असलेले उमेदवार’ असे आहेत. सेवा संपली की दावाही बहुधा संपतो. अभ्यासासाठी शिल्लक अर्जित रजा रीतसर मंजूर करून वापरा.

७. अर्ज आणि तपासणी

देशपातळीवरच्या ५० टक्के अखिल भारतीय कोट्याच्या फेऱ्या वैद्यकीय समुपदेशन समिती घेते. तिथे राज्याचे प्रोत्साहन गुण चालत नाहीत. मूळ क्रमांकच चालतो. तुमचा दावा राज्य कोट्यात, म्हणजे सीईटी कक्षाच्या प्रक्रियेत. दोन्हीकडे नोंदणी करायची असेल तर करा, पण दोन क्रमांक डोक्यात वेगळे ठेवा.

राज्याच्या अर्जात सेवांतर्गत असल्याची खूण करायची राहिली तर पुढे कागद कितीही पक्के असले तरी उपयोग होत नाही. अर्ज पक्का करण्याआधी त्याची छापील प्रत काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही. स्कॅन सरळ, शिक्का वाचता येईल असे. मोबाईलवर तिरके काढलेले फोटो नकोत. आणि वरच्या कार्यालयाकडून तुमचं नाव सीईटी कक्षाकडे जायचं असेल, तर ते यादीत गेलंय का याची खात्री स्वतः करा. ‘पाठवलंय’ हे ऐकून थांबू नका, पत्राचा जावक क्रमांक मागा.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की पहिल्या तासात तीन गोष्टी पाहा: मान्य झालेली वर्षं, वाढीव गुण, प्रवर्ग. हरकत घ्यायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. हरकत ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ अशी लिहू नका. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची सेवा धरलेली नाही, पुरावा सोबत क्रमांक ३ आणि ४’ असं एका परिच्छेदात लिहा. वाचणाऱ्याला त्या दिवशी असे शेकडो अर्ज असतात.

सावध: चार महिन्यांची सेवा फुगवून वर्ष दाखवण्याचा मोह होईल आणि सही करणारा ओळखीचाही असेल. खोटं प्रमाणपत्र निघालं तर प्रवेश तर जातोच, वर चौकशी मागे लागते, आणि सही करणारा ओळखीचा माणूसही त्यात अडकतो.

८. जागा मिळाल्यावर

सरकारी महाविद्यालयातल्या पदव्युत्तर प्रवेशाला सेवेचं बंधपत्र असतं, आणि ते मोडल्यास ५० लाखांचा दंड. सेवांतर्गत उमेदवाराला त्याशिवाय आपल्या खात्याला परत येण्याची हमी द्यावी लागते. दोन्ही वाचून सही करा. कोणतं आधी सुरू होतं आणि शिक्षणकाळ सेवेत कसा धरतात, हे लेखी विचारून ठेवा. पगार चालू राहणार की विद्यावेतन, हा प्रश्न रुजू होण्याआधी सोडवा, नाहीतर पहिले सहा महिने दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

महाविद्यालयात रुजू होण्याची शेवटची तारीख आणि तुमच्या केंद्रावरून कार्यमुक्त होण्याची तारीख यांत जेमतेम दोन-चार दिवस असतात. बदली डॉक्टर आल्याशिवाय सोडणार नाही, असं ऐकावं लागतं. निवड यादी लागली त्याच दिवशी कार्यमुक्तीचा अर्ज द्या, प्रत जिल्हा कार्यालयाला द्या, औषधसाठा आणि लसींच्या नोंदवह्या आधीच जुळवून ठेवा. कार्यभार सोपवल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

आणि निघण्याआधी सेवापुस्तकाची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स काढा. परत याल तेव्हा ते सेवापुस्तक कोणत्या कपाटात असेल, हे तेव्हाच्या भाऊसाहेबांनाही माहीत नसेल.